पुढे गेलेली ताटली

चाकूरला बदलून आल्यापासून एस्तरबाईंना कुणी सलाम केला नव्हता. त्यांच्या ख्रिस्ती समाजात माणूस भेटला की सलाम म्हणायची रीत. नांदेडला चर्चच्या आवारात राहत होत्या तेव्हा सकाळी दूध आणायला गेल्या तरी पाच-सहा सलाम पदरात पडत. इथे रामराम होता, नमस्कार होता, जयभीम होता, आणि सरकारी दवाखान्यात तर "बाई, सुई हळू द्या" हेच आगतस्वागत होतं. पहिले काही दिवस त्या दाराला कुलूप लावताना स्वतःशीच सलाम म्हणत. मग कुणी पाहिलं तर वेड्यात काढील म्हणून तेही सोडलं.

लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. जिल्हा झाला म्हणजे आधी पाट्या आल्या, मग खुर्च्या आल्या, मग साहेब आले, आणि काम करणारी माणसं कमी पडतात हे सगळ्यात शेवटी कुणाच्या तरी ध्यानात आलं. मग आसपासच्या जिल्ह्यांच्या याद्यांतून नावं उचलली गेली, त्यात नर्स एस्तर दानिएल यांचं नाव होतं. विधवा बाई, मूलबाळ नाही, म्हणजे हलवायला सोपी, असा सरळ हिशेब. निरोपाच्या प्रार्थनेत चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "चाकूरला आपलं एकही घर नाही. तुम्ही तिथे जाऊन दिवा लावा." सांगायला पाळकसाहेबांचं काय जातं! दिवा लावायचा तर वाऱ्याच्या बाजूला हात धरायला दुसरं माणूस लागतं.

तरी बाईंनी मनापासून प्रयत्न केले. येताना आणलेल्या शुभवर्तमानाच्या पत्रिका त्यांनी बाजाराच्या दिवशी वाटल्या. लोकांनी दोन्ही हातांनी घेतल्या, कपाळाला लावल्या. पुढच्याच आठवड्यात मलप्पाच्या दुकानातून बाईंनी पावशेर फुटाणे आणले, तर पुडा त्याच पत्रिकेचा. बाईंना आधी राग आला, मग हसू आलं, आणि घरी येऊन फुटाणे खाता खाता रडूही आलं. उपदेश करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्यांना चर्चची मंडळी उभी करायची नव्हती की कुणाला जिंकायचं नव्हतं. रविवारी उपासनेला आपल्या शेजारी चटईवर एक माणूस बसावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ते माणूस मिळालं हापशावर. बाईंची भाड्याची खोली बौद्धवाड्याला लागून होती आणि वाड्याच्या तोंडाशी हापसा होता. त्याचा दांडा असा जड की एका बाईने लोंबकळावं तेव्हा दुसरीची घागर भरावी. एस्तरबाई एकट्याच दांड्याशी झटापट करताना नागुबाईने पाहिलं आणि ती काही न विचारता दांड्याला लटकली. नागुबाई रोजगार हमीच्या कामावर जाणारी, हडकुळी, तोंडाची फटकळ, बाईंच्याच वयाची. नवरा रामकिशन अबोल, सून सिंधु त्याहून अबोल, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं नागुबाईच्याच वाट्याला आलं होतं.

एका रविवारी तिसऱ्या प्रहरी एस्तरबाई दार लोटून गीत म्हणत होत्या. नागुबाईने दार ढकललं.

"एकट्याच गाताव? आमच्यात मयतीलाबी दोन बाया लागत्यात गायला!"

"बस की मग," एस्तरबाई म्हणाल्या.

ती बसली. पुढच्या रविवारी पुन्हा आली. ओव्यांत मुरलेला तिचा गळा. दोन कडव्यांत चाल उचलायची आणि तिसऱ्याला बाईंच्या पुढे निघून जायची. गोष्टी मात्र वाद घालत ऐकायची. उधळ्या पोराला बापाने परत घरात घेतलं, हे तिला मुळीच पटलं नाही. "थोरल्याचं काय चुकलं? त्यो राबून राहिला की!" असं म्हणून ती आठ दिवस थोरल्याच्या बाजूने भांडत होती. "आपलं बाबासाहेबांनी लावलेलं हाय, ते सोडायचं न्हाई," हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं आणि बाईंनी मान डोलावली होती. जयंतीला तिने बाईंना विहारात नेलं, शेजारी बसवून खीर खाऊ घातली. एस्तरबाई तिच्या घरी चहा पीत, भाकरी खात. वर्षभर असं चाललं. त्या वर्षात बाईंनी पाळकसाहेबांना पत्रं लिहिली ती लांब लांब होती.

पाऊस पडला नाही. पेरलेलं उगवलं नाही, हापसा खडखड करून गप्प झाला. दिवाळीच्या आधी नांदेडहून पाळकसाहेब पहिल्यांदाच प्रभूभोजनाची उपासना घ्यायला आले. भाकर आणि द्राक्षारस द्यायचा अधिकार फक्त पाळकांना, त्यामुळे नांदेडला जे दर महिन्याला मिळायचं ते इथे वर्षातून दोनदा मिळणार होतं. बाईंनी मेजावर पांढरी चादर घातली. अहमदपूरहून शमुवेल मास्तर आणि त्यांची बायको आली. नागुबाई आली, धुतलेलं लुगडं नेसून, आणि बाईंच्या शेजारी बसली.

पाळकसाहेब ताटली घेऊन फिरले. एस्तरबाईंनी पावाचा तुकडा घेतला, डोळे मिटले आणि खूप वेळ मिटूनच ठेवले. इतक्या महिन्यांनी मिळालं होतं ते, घाईने गिळवेना. डोळे उघडले तेव्हा उपासना संपत आली होती. नागुबाई पदर गुंडाळून बसली होती.

"चहा घेऊन जा," बाई म्हणाल्या.

"न्हाई. सून वाट बघती," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रस्त्यात भेटली तर "बरं हाय का, बाई" एवढं म्हणून पुढे जायची. फाल्गुनात टँकर सुरू झाले. टँकर यायचा तेव्हा एस्तरबाई दवाखान्यात असत, म्हणून त्यांची घागर नागुबाईने भरून ठेवायची असं हापसा आटला तेव्हाच ठरलं होतं. तो शब्द तिने मोडला नाही. बाई घरी येत तेव्हा ओट्यावर भरलेली घागर असे, वर ताटली झाकलेली. पण ती ठेवणारी कधी दिसायची नाही. पूर्वी हापशाची घागर आत यायची, चुलीपाशी ठेवली जायची, आणि ठेवणारी भिंतीला टेकून दिवसभराची गाऱ्हाणी सांगायची. आता ओट्यापर्यंत पाणी येत होतं आणि माणूस येत नव्हतं.

एस्तरबाईंनी डोकं खाजवून खाजवून विचार केला. आपण सिंधुच्या बाळाला इंजेक्शन दिलं, त्याचा दंड सुजला, त्याचा राग असेल का? की मास्तरांची बायको काही टोचून बोलली? की वाड्यातल्या लोकांनी नावं ठेवली? सिंधुला विचारलं तर ती खाली बघत म्हणाली, "मामीला इचारा." मामी म्हणजे तिची सासू. तिला विचारावं तर ती म्हणे, "काय न्हाई वो, येळ न्हाई मिळत." ते धादांत खोटं आहे हे दोघींनाही कळत होतं. रविवारी बाई पुन्हा एकट्या गाऊ लागल्या, पण आता आवाज दारापलीकडे जाणार नाही अशा बेताने. नागुबाई नव्हती तेव्हाच्या एकटेपणाची त्यांना सवय झाली होती. ती येऊन गेल्यानंतरचं हे एकटेपण त्यांना सोसवत नव्हतं. चटईची दुसरी बाजू त्यांनी दुमडून ठेवली.

वैशाखात एका दुपारी रामकिशन धापा टाकत दवाखान्यात आला. "बाई, आमची पडली तिकडं तळ्याच्या कामावर. बोलंना झाली."

डॉक्टर लातूरला मीटिंगला गेलेले. नवा जिल्हा झाल्यापासून डॉक्टर आजाऱ्यांपेक्षा मीटिंगलाच जास्त सापडत. एस्तरबाई पिशवी घेऊन निघाल्या. नागुबाईला बैलगाडीतून घरी आणलं होतं. अंग तव्यासारखं, ओठ फुटलेले. ऊन लागलं होतं. बाईंनी त्या दिवशीची आपली घागर मागवली आणि तिच्यातलं पाणी चादरीवर ओतत, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत तिच्या उशाशी बसून राहिल्या. घागर संपत आली, ऊन उतरलं, तेव्हा कुठे नागुबाईने डोळे उघडले आणि ओळखलं.

बाईंचाही घसा कोरडा पडला होता. "सिंधु, मला पण दे ग घोटभर," त्या म्हणाल्या. सिंधुने तांब्या दिला. त्या घटाघटा प्यायल्या. नागुबाई बघत होती.

"आमच्या घरचं तुमाला चालतं," ती क्षीण आवाजात म्हणाली. "मंग तुमच्या घरचं मला का चालत न्हाई, बाई?"

एस्तरबाईंना काही उमजेना. "कधी नाही चालत?"

"त्या दिशी. मी हात पसरून बसले व्हते. समदे कसे बसले तशीच. तुमच्या साहेबानं तुमाला दिलं, मास्तराला दिलं, मास्तरणीला दिलं. माझ्यापाशी आला, अन् ताटली उचलून म्होरं गेला. पुन्ना पेले आले. तेबी माझ्या वरून गेले." ती थांबली, दम खाल्ला. "मी धा वर्साची असताना पाटलाच्या दारात अशीच वंजळ धरून बसायची. पानी वरून पडायचं, कवा पडायचंबी न्हाई. ते हात मी झाकून टाकलेते, बाई. तुमच्या घरी उघडले व्हते."

आता कुठे एस्तरबाईंना कळलं. म्हणजे आपण डोळे मिटून देवाचे आभार मानत होतो, त्याच वेळी आपल्या शेजारी हे घडत होतं! त्या गडबडीने सांगू लागल्या, "अग, तसं नाही ते. त्यात जातीचं काही नाही. ज्याचा बाप्तिस्मा झाला त्यालाच ते देतात. माझ्या सख्ख्या भाच्यालासुद्धा अजून मिळत नाही. त्याला कारण आहे, नागुबाई."

"कारण तवाबी सांगत व्हते की," नागुबाई म्हणाली. "दर येळी कारण लई चांगलं असतंय."

 एस्तरबाई रिकामी घागर उचलून घरी आल्या.

त्यांनी पाळकसाहेबांना पत्र लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, प्रेमळ आणि सविस्तर. नियम माझा नाही, मंडळीचा आहे. त्या भगिनीला शिकवण द्या, तिची तयारी करा, बाप्तिस्मा झाला की पहिला तुकडा मी स्वतः तिच्या हातावर ठेवीन. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. उलट त्यांच्याइतका सज्जन माणूस बाईंनी पाहिला नव्हता, आणि तीच पंचाईत होती. शिवाय हाच नियम बाईंनी जन्मभर मानला होता. तो चूक आहे असं त्यांना आत्ताही छातीठोक म्हणता येईना. पण नागुबाईचे ते उघडे हात काही डोळ्यांपुढून हटत नव्हते. बाप्तिस्म्याचं तिच्याशी बोलायचं तर ते आता सौद्यासारखं वाटलं असतं, म्हणून तो विषय त्यांनी काढलाच नाही.

जेठ लागला, आणि पाळकसाहेब रविवारी येणार असल्याचं कार्ड आलं. एस्तरबाई नागुबाईच्या घरी गेल्या. ती हुलगे निवडत बसली होती.

"रविवारी पाळकसाहेब येऊन राहिलेत," बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "ताटली तुझ्यापर्यंत येणार नाही. मी लिहून पाहिलं, नाही जमत. तरी ये म्हणायला आले."

नागुबाईने वर पाहिलं. "मंग कशाला येऊ?"

"मला एकटीला बसवत नाही म्हणून."

 नागुबाईला खडा सापडला तो तिने बाजूला टाकला आणि हुलगे निवडत राहिली. बाई आल्या तशा परत गेल्या.

रविवारी टँकर भर उपासनेच्या वेळी आला. खोलीत पाळकसाहेब, मास्तर आणि मास्तरीणबाई, एस्तरबाई, एवढीच माणसं. बाहेर घागरींचा कालवा चालला होता. दोन गीतं झाली, वचन वाचून झालं, पाळकसाहेबांनी चादरीवरची ताटली उचलली, आणि दारात नागुबाई येऊन उभी राहिली. कमरेवर बाईंची घागर, पदर भिजलेला. तिने घागर आतल्या बाजूला टेकवली. आता जाईल असं एस्तरबाईंना वाटलं. पण ती उंबऱ्यावर बसली, एक पाय आत, एक बाहेर.

एस्तरबाई चटईवरून उठल्या. उपासनेत असं कुणी मध्येच उठत नाही. मास्तरांनी मान वळवून पाहिलं. बाई चालत दाराशी गेल्या आणि उंबऱ्यावर नागुबाईला चिकटून बसल्या, कारण तेवढीच जागा होती.

मास्तरांना देऊन, मास्तरीणबाईंना देऊन पाळकसाहेब दारापाशी आले. त्यांनी ताटली एस्तरबाईंपुढे धरली. तुकडे लहान लहान, पांढरे. सात महिने बाई या दिवसाची वाट पाहत होत्या. कामाने अंग मोडलेलं असायचं, कुणाशी बोलायला नसायचं, तेव्हा वैशाखात मिळेल, जेठात मिळेल असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. त्यांना ते इतकं हवं होतं की तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

त्यांनी मान हलवली.

"एस्तरबाई?" पाळकसाहेब हळूच म्हणाले.

त्यांनी पुन्हा मान हलवली. पाळकसाहेब जरा वेळ तसेच थांबले. मग ताटली मेजाकडे परत गेली. पेल्यांचंही तसंच झालं. एस्तरबाई मान खाली घालून बसल्या होत्या आणि त्यांचं नाक वाहत होतं.

चहा झाला. पाळकसाहेबांनी "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं, "बरी आहे" असं ऐकून घेतलं, आणि आणखी काही विचारावं की नको या विचारात असतानाच नांदेडच्या गाडीची वेळ झाली. जाताना ते दारात थांबले. बाईंना सलाम म्हणाले आणि, कोण जाणे कशामुळे, नागुबाईलाही म्हणाले. मास्तर-मास्तरीण त्यांच्याबरोबरच निघाले.

उंबऱ्यावर दोघी उरल्या. ऊन घरांच्या छपरांवर गेलं होतं.

"घ्यायचं व्हतं की," नागुबाई तिरसटून म्हणाली. "तुमाला देत व्हते. मी काय धरून ठेवलंतं का तुमाला?"

"नाही घ्यावंसं वाटलं."

"खोटं बोलू नका. रडून राहिलाव ते काय उगंच?"  मग तिने कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "काय असतंय त्या ताटलीत एवढं?"

एस्तरबाईंनी डोळे पुसले. उपदेश त्यांना येत नव्हता, म्हणून घडलं तसं सांगू लागल्या. "प्रभूला धरून नेणार होते, मारणार होते. त्याच्या आदल्या संध्याकाळी तो आपल्या सगळ्या माणसांना घेऊन जेवायला बसला. भाकर मोडली आणि सगळ्यांना दिली. माझी आठवण ठेवा म्हणाला. तेच ते."

"किती जण व्हते?"

"बारा."

"बाराबी चांगले व्हते?"

"कुठले! एकाने तर त्याला पैसे घेऊन विकला होता. वैऱ्यांच्या हाती द्यायचं कबूल करूनच तो पंगतीला बसला होता."

"अन् याला ठाव न्हवतं?"

"ठाऊक होतं."

नागुबाई वळून बाईंच्या तोंडाकडे बघू लागली. "त्याला बी दिली?"

"दिली. आपल्या हाताने."

बाहेर टँकर रिकामा होऊन निघून गेला.  नागुबाई म्हणाली, "हे तुमच्या साहेबाला ठाव हाय का?"

"आहे की. दर वेळी हेच वाचून दाखवतात."

"मंग वाचणारा ऐकत न्हाई वाटतं," ती म्हणाली. "अन् तुमी? तुमी कवा ऐकलाव?"

एस्तरबाई लहानपणापासून हे वचन ऐकत आल्या होत्या. तोंडपाठ होतं, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवलं असतं. पण या बाईशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"आत्ता," त्या म्हणाल्या. "तुला सांगता सांगता."

नागुबाईने हुंकार दिला. उंबऱ्याबाहेरचा पाय तिने आत घेतला आणि भिंतीला टेकली. "बरं, म्होरं सांगा. धरून नेला त्याला, मंग काय झालं?"

एस्तरबाई सांगू लागल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी पुढचं विचारलं होतं.